सात आणि आठ नंबरचे सेल

१

काकांना चिकट वस्तूंचं वावडं होतं. मधाच्या बाटलीचं झाकण, केळ्याचं साल, दुसऱ्याने वापरलेला साबण, यांतलं काहीही हाताला लागलं की ते तो हात अंगापासून लांब धरून नळाकडे निघायचे. "तुमचं लग्न फिनेलच्या बाटलीशी लावायला हवं होतं," असं काकू म्हणायच्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा विनोद त्यांनी निदान हजार वेळा केला असेल, आणि काका दर वेळी नाक मुरडून हसले असतील.

अशा माणसाला सेल आवडावेत यात नवल नाही. सेल कोरडा असतो, गुळगुळीत असतो, आणि विचारलं की आकड्यात उत्तर देतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं बॅटऱ्या सांभाळून काका निवृत्त झाले, तेव्हा लेकीने त्यांना एक स्मार्ट चार्जर आणून दिला. चार कप्पे आणि एक छोटा पडदा. पेन्सिल सेल आत ठेवला की त्यात किती दम आहे ते मोजायचं, तो भरायचा आणि भरला की हिरवा दिवा लावायचा, हे सगळं तो आपलं आपण करी. काकांनी घरातल्या सोळा सेलांवर मार्करने नंबर टाकले आणि ते त्याच्या ताब्यात दिले. भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, रक्तदाबाचं यंत्र, टॉर्च, सगळ्यांच्या जोड्या ठरलेल्या. दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून हा कारभार चाले.

त्यात काकांचा एक नियम होता. आधी रिकामा करायचा, मग भरायचा. अर्धवट उतरलेला सेल तसाच भरला तर तो आळशी होतो, ही जुन्या सेलांच्या काळातली शिकवण. "बाबा, या नव्या सेलांना तसलं काही लागत नाही, सोबतच्या कागदावर लिहिलंय," असं लेकीने दोनदा सांगून पाहिलं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. चार्जरवर 'रिफ्रेश' नावाचं बटण होतं. ते दाबलं की चार्जर सेल पार निपटून काढी, त्यातून किती वीज निघाली तो आकडा दाखवी आणि मगच भरायला घेई. काका कायम तेच दाबत.

सात आणि आठ नंबरचे सेल काकूंच्या बेलमध्ये होते.

२

काकूंचं पोटाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले होते, तरी त्या मागच्या खोलीतल्या खाटेवरून उठल्या नव्हत्या. आवाज अगदी बारीक झाला होता, म्हणून काकांनी ती बेल आणली. बटणाची डबी काकूंच्या हाताशी आणि वाजणारा भाग स्वयंपाकघरात.

खोटं कशाला बोला, आवाज हे अर्धंच कारण होतं. त्या खोलीला वास यायला लागला होता. जखमेवरचं मलम, शिळा घाम, उशीवर सुकलेली लाळ, खाटेखालचं भांडं. काका उंबऱ्यापर्यंत जात, "काही हवं का?" असं विचारत आणि तिथूनच परत फिरत; डबी आणण्या-ठेवण्यापुरतेच काय ते आत जात. आतलं सगळं रोज सकाळी येणारी मावशी करायची. फक्त रविवारी तिची सुट्टी असे, आणि त्या दिवशी काकू जमेल तसं आपलं आपण उरकत. काकांचं बायकोवर प्रेम नव्हतं असं नाही, भरपूर होतं. पण तिच्या मानेखाली हात घालून तिला बसवायचं म्हटलं की त्यांच्या पोटात ढवळायचं. मग त्या ढवळण्याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की ते आणखी लांब राहायचे.

त्या रविवारी सात आणि आठमधून पूर्ण दोन हजार निघाले.

सेलांवर छापलेला आकडाही दोन हजारच होता. म्हणजे आठवड्यापूर्वी जेवढं भरलं तेवढंच्या तेवढं परत. सेल नुसता ठेवला तरी थोडा उतरतो, आणि बेलचे सेल तर आधीच्या आठवड्यांत बाराशेपर्यंत उतरले होते. काकांनी उंबरा गाठला.

"अगं, आठवडाभरात एकदाही बेल दाबली नाहीस?"

काकूंनी उशीवरची मान हळूच वळवली. "दिवसभर दाबते."

"मग मला कशी ऐकू आली नाही?"

"ते मला काय विचारता? तुमचं यंत्र, तुम्हीच बघा."

"आता दाब बघू."

काकूंनी दाबलं. स्वयंपाकघरात टिंगटाँग वाजलं. काकांनी दोन्ही हात पसरले. औषधांच्या गुंगीत हिला दाबल्याचा भास होत असणार, असं त्यांनी ठरवलं. आकडा खोटं बोलत नाही आणि आजारी माणूस नकळत बोलतो, एवढा सरळ हिशेब होता.

३

पुढच्या रविवारी सव्वीसशे निघाले.

काका चष्मा पुसून आले. तरी सव्वीसशेच. छापायचं जास्त आणि निघायचं कमी, ही बाजाराची रीत त्यांना पाठ होती. इथे उलटा न्याय. दोन लिटरच्या भांड्यातून अडीच लिटर दूध निघत होतं. चार्जर बिघडला असेल म्हणून त्यांनी घड्याळाचे सेल लावून पाहिले. ते शहाण्यासारखे सोळाशेवर थांबले.

आकड्यापेक्षा एक गोष्ट वाईट होती. बेलच्या डबीतून काढताना ते दोन सेल ओलसर लागले होते. पाण्याने भिजल्यासारखे नव्हेत, घाम आल्यासारखे. काकांनी ते फडक्याने पुसले तर फडक्यावर पिवळट डाग पडला. थोड्या वेळाने पुन्हा हात लावला तर पुन्हा ओल. आणि ऊब. चार्जरमध्ये जायच्या आधीच ते कोमट होते, काखेत धरलेल्या थर्मामीटरसारखे.

मग रिफ्रेश सुरू झालं आणि टेबलाभोवती वास पसरला. काकांना वाटलं मागच्या खोलीचं दार उघडं राहिलं. उठून पाहिलं तर दार लावलेलं होतं. वास चार्जरच्या जाळीतून येत होता. सेल रिकामा करताना त्यातलं सगळं गरम हवा होऊन त्या जाळीतून बाहेर पडतं, हे काकांना माहीत होतं. पण ती हवा अशी नसते. तिच्यात मलम होतं, न घासलेल्या दातांचा वास होता, केसांच्या मुळाशी साचलेलं तेल होतं. काकांनी खिडकी उघडली आणि तीनदा हात धुतले.

दुपारी ते उंबऱ्यावर गेले. काकू डोळे अर्धवट उघडे ठेवून पडल्या होत्या. हाक मारली तर ओ दिली नाही. दूध तसंच साय धरून बसलं होतं. संध्याकाळी सेल भरून पुन्हा डबीत बसवल्यावर कुठे त्या जराशा हलल्या.

"रविवार आला की मला काय होतं कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "कुणीतरी ओढत लांब नेल्यासारखं वाटतं."

"अशक्तपणा आहे," काका उंबऱ्यावरून म्हणाले. "दूध घेत जा."

मनात त्यांनी स्वतःला दटावलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, दुसरं काय? रविवारी मावशी नसते, अंग पुसलं जात नाही, म्हणून मरगळ येते. आणि ते वासाचं म्हणाल तर गेले दोन महिने नाकात तोच वास बसलाय, तो कुठेही येणार. काकांनी ही कारणं बोटांवर मोजली. चार भरली. चार कारणं पुष्कळ झाली.

४

तिसऱ्या रविवारची वाट न बघता त्यांनी गुरुवारीच डबी उघडली, कारण डबीच्या फटीतून काहीतरी बाहेर आलं होतं.

सेल फुटला की टोकाशी पांढरी भुकटी जमते. कोरडी असते, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने जाते. काका ब्रश घेऊनच बसले. पण हे भुकटीसारखं नव्हतं. सात नंबरच्या टोकावरच्या उंचवट्याभोवती पिवळं, मऊ, सकाळी डोळ्यांच्या कोपऱ्यात साचतं तसलं चिपड होतं. ब्रश लावला की ते निघत नव्हतं, लांबत होतं. त्याखाली पातळ पापुद्रा होता. काकांनी चिमट्याने तो सोलला. तो सलग निघाला आणि निघताना त्याने सेलच्या अंगाला धरून ठेवायचा प्रयत्न केल्यासारखं वाटलं. उजेडात धरला तर त्यावर बारीक गोल रेघा होत्या, एकात एक गुंडाळत गेलेल्या.

त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. त्यांनी पापुद्रा वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकला आणि पिशवीला दोन गाठी मारल्या.

तेवढ्यात मावशी हात पुसत बाहेर आली. ही बाई धिप्पाड, स्पष्ट बोलणारी, अनेकांची दुखणी उपसलेली.

"काका, जरा विचारू का? तुम्हाला बेल ऐकू येत नाही का?"

"वाजली तर येईल ना."

"मी समोर असताना त्या शंभरदा दाबतात. मला भांडं धुवायचं असतं, चादर बदलायची असते, म्हणून मी लक्ष देत नाही. पण त्यांचा अंगठा बघितलात?"

"काय झालं अंगठ्याला?"

"रेघच नाही त्याच्यावर. सपाट झालाय, चमचा असतो तसा. दाबून दाबून झिजला म्हणावं तर रक्त नाही, फोड नाही." तिने काकांकडे नीट पाहिलं. "त्यांना दूध नको, औषध नको. त्या तुम्हाला बोलावतायत. घटकाभर बसा जाऊन जवळ. बाई खंगत चाललीय."

काकांची नजर टेबलाकडे गेली. तिथे सात आणि आठ ठेवले होते आणि त्यांच्याखाली वर्तमानपत्र ओलं होत चाललं होतं. तीन आठवडे ती दाबत होती, आणि बेल वाजत नव्हती. मग त्या सगळ्या हाका जात होत्या कुठे?

डॉक्टर परवाच येऊन गेले होते. जखम भरली, रक्त ठीक, तरी नाडी एवढी बारीक का लागते ते मला सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. काकांना आता ते सांगता आलं असतं. कुणाला सांगणार आणि कोण ऐकणार, हा भाग वेगळा.

५

काकांनी सेल तसेच पुन्हा डबीत बसवले. चार्जरला शिवायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. दोन्ही दिवस ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि दोन्ही दिवस उद्या नक्की बसू, असं म्हणून परतले.

रविवारी सकाळी सवयीनेच त्यांनी डबी आणायला म्हणून खोलीत पाऊल टाकलं. डबी काकूंच्या मुठीत होती. ती सोडवताना झाकण निघालं आणि दोन्ही सेल काकांच्या तळहातावर पडले. ते फुगले होते. वरचं प्लॅस्टिक ताणून पातळ झालं होतं आणि आत काहीतरी संथपणे वर-खाली होत होतं. चिकट, उबदार पाणी त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतून मनगटाकडे ओघळलं.

"बसा ना हो," काकू म्हणाल्या. ओठ हलले म्हणून कळलं.

"आलो, हे ठेवून आलो," काका म्हणाले आणि जवळजवळ पळत बाहेर आले.

ठेवायचे कुठे? टेबलावर चार्जर होता. कप्प्यांच्या स्प्रिंगा ताणून त्यांनी ते दोन्ही कसेबसे आत कोंबले. मग बोट रिफ्रेशवर गेलं. पुढे त्यांनी स्वतःला समजावलं की, जे तिचं आहे ते सेलमधून मोकळं केलं तर तिलाच परत मिळेल. पण चौतीस वर्षं बॅटऱ्या सांभाळलेल्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं की, रिकाम्या केलेल्या सेलमधलं कुणालाही परत मिळत नाही. ते नुसतं गरम होऊन हवेत जातं. तरी त्यांनी बटण दाबलं, कारण ती ओली ऊब हातातून जावी एवढंच त्यांना हवं होतं.

आकडा चढू लागला. हजार. दोन हजार. वास असा उसळला की डोळ्यांना पाणी आलं. जाळीतून आवाजही येऊ लागला. घसा साफ करावा तसा, मग हाक मारायच्या आधी घेतलेल्या श्वासासारखा. पुन्हा पुन्हा तोच श्वास, आणि त्यापुढे हाक नाही.

काकांनी खिडकी उघडली. तेवढ्याने भागेना. मग त्यांनी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावला आणि नाकावर फडकं धरून उभे राहिले. फॅनच्या घरघरीत तो आवाज ऐकू येईनासा झाला. वास हळूहळू बाहेरच्या हवेत निघून गेला.

दुपारी चार वाजता आकडा एकेचाळीसशेवर थांबला. सेल पुन्हा सडपातळ झाले होते. नियमाप्रमाणे चार्जरने ते भरायला घेतले, भिंतीतल्या सॉकेटमधून, घड्याळाचे आणि रिमोटचे भरतो तसेच.

काका खोलीच्या दाराशी गेले. काकूंचं तोंड उघडं होतं. छाती हलते आहे की नाही ते उंबऱ्यावरून दिसत नव्हतं. आत जाऊन नाकाशी बोट धरलं असतं तर कळलं असतं. ते पाय टाकणार, तर तोंडाच्या कडेने ओघळ आलेला दिसला. काका तिथेच दाराला टेकून खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. पण आत गेले नाहीत.

सहा वाजून गेल्यावर हिरवा दिवा लागला. ते यंत्रासारखे उठले, सेल काढले, कोरडे ठणठणीत, आणि डोळे बारीक करून खाटेपाशी गेले. डबी बंद करून काकूंच्या हातात दिली. तो अंगठा थंड होता. काकांनी आपल्या बोटाने तो बटणावर दाबला.

स्वयंपाकघरात टिंगटाँग वाजलं आणि काकू उठून बसल्या.

६

सगळ्यांना आनंद झाला. डॉक्टर म्हणाले, कधी कधी शरीर असं अचानक उभारी धरतं. लेक फोनवर रडली आणि दोन दिवस राहून गेली. आई तुरुतुरु चालते, कपाटं आवरते, हे बघून तिचं समाधान झालं. दुधाचा पेला आई नेहमी नंतर घेते म्हणते आणि तो भरलेलाच राहतो, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

मावशी मात्र चौथ्या दिवशी पायऱ्यांवरूनच परत निघाली.

"आता माझं काय काम?" ती म्हणाली.

"आहेच की. अंघोळ घालायला तरी..."

"काका, त्यांना घाम येत नाही. चार दिवस तीच चादर आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. अंग पुसलं की फडकं कोरडंच. मी मेलेली माणसं धुतलीत, त्यांनाही हात लावल्यावर काही तरी वास येतो." ती एक पायरी उतरली. "मला नका बोलावू."

ती डबी काकू आता कमरेला खोचून ठेवत. शनिवारी त्या मंदावत, बोलता बोलता थांबत, आणि रविवारी सकाळी स्वतःच डबी टेबलावर आणून देत. खुर्चीवर ताठ बसत, डोळे उघडे. काका रिफ्रेशचं बटण दाबत नसत. आधी रिकामा करायचा हा नियम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडला होता. ते नुसते भरत. एकदा आतला दम मोजला, तर पुऱ्या भरलेल्या सेलचा आकडा दोन हजार आला. ना एक कमी, ना एक जास्त.

महिन्याभराने एका संध्याकाळी काकूंनी त्यांना मागच्या खोलीतून हाक मारली. आवाज खणखणीत होता. काका गेले. खाट स्वच्छ, उशी पांढरीशुभ्र, खोलीला कुठलाही वास नाही.

"बसा की जवळ," काकू म्हणाल्या.

काका काठावर बसले.

"असे काय? नीट बसा. आता तर किळस येत नाही ना?"

काकांनी नजर चादरीकडे वळवली. "कसली किळस? काहीतरीच बोलतेस."

"मला माहीत होतं हो. पहिल्या दिवसापासून. तुम्ही दाराशी यायचात ते श्वास रोखून. मला दिसायचं, छाती कशी धरून ठेवलेली असायची. मी म्हणायचे, एवढा वेळ श्वास धरून माणूस किती बोलणार? म्हणून मीही आटोपतं घ्यायचे." त्या हसल्या. "पुन्हा पुन्हा बोलवावं लागायचं ते त्यासाठी."

हसताना तोंड उघडलं आणि काकांना आतलं दिसलं. जीभ कोरडी होती, कागदासारखी, आणि तिच्या मुळाशी गोलाकार पांढरी-हिरवी भुकटी जमली होती. लगेच तोंड मिटलं.

काकांना मळमळलं. पण ते उठले नाहीत. त्यांनी काकूंचा हात धरला. तो सगळीकडे सारखाच उबदार होता, बोटांपासून कोपरापर्यंत एकाच मापाचा. मग ते आणखी सरकले, बेचाळीस वर्षं ज्या मानेवर तेल, घाम आणि झोप यांचा मिळून एक वास असायचा तिथे त्यांनी नाक टेकवलं, आणि छातीभर श्वास घेतला.

काहीच नव्हतं.

त्यांनी पुन्हा श्वास घेतला. पुन्हा घेतला. काकू तशाच ताठ बसून राहिल्या आणि त्यांच्या पाठीवर थोपटत राहिल्या, एकसारख्या अंतराने.